वाचकांचे प्रश्न : गुलाबाचे सरबत कमी साखरेचे कसे करावे?

प्रश्न : आमच्या अंगणात गावठी गुलाबाची झाडे आहेत. सासूबाईंच्या पद्धतीने मी दर उन्हाळ्यात पाकळ्यांचा पाक करून बाटल्या भरून ठेवते. पण ते सरबत आता घरात सर्वांनाच फार गोड लागते आणि सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे त्यांना ते देताही येत नाही. गेल्या वर्षी साखर निम्मी केली, तर काही दिवसांतच बाटलीत फेस आला आणि आंबूस वास येऊ लागला. सुगंध राहील पण गोडी कमी असेल, असे सरबत घरी करता येईल का? साखरेऐवजी खडीसाखर किंवा मध वापरला तर चालेल का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : करता येईल, मात्र त्यासाठी पाक करून बाटल्या भरून ठेवण्याची पद्धतच सोडावी लागेल. पाकातली साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी स्वतःशी धरून ठेवते, त्यामुळे यीस्टला आणि बुरशीला वाढण्यासाठी लागणारे पाणी मिळत नाही, आणि म्हणूनच घट्ट पाकाचे सरबत महिनोन्‌महिने टिकते. आपण साखर निम्म्यावर आणली तेव्हा चव फारशी हलकी झाली नाही, पण यीस्टला मात्र खाद्य आणि पाणी दोन्ही मिळाले. फेस आलेले असे सरबत उकळून पुन्हा वापरू नये, टाकूनच द्यावे.

टिकाऊ सरबताच्या पाकात साखरेचे प्रमाण साधारण ६५ टक्के असते. त्याचे दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, एका पेल्यात घातले की सुमारे २५ ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेबद्दल जी मार्गदर्शक मर्यादा सांगितली, तिच्यातला अधिक कडक आकडा प्रौढ माणसासाठी दिवसभराचा साधारण एवढाच आहे. दुपारी पाहुण्यांबरोबर एक पेला आणि संध्याकाळी आणखी एक, असा आपल्याकडचा रिवाज लक्षात घेतला तर हा प्रश्न केवळ मधुमेहींचा राहत नाही.

आता कृती. फुले सकाळी ऊन चढण्याआधी तोडावीत, कारण उन्हात त्यांचा वास उडून जातो. पाकळ्या सुट्या करून प्रत्येक पाकळीच्या बुडाचा पांढरट भाग काढून टाकावा. कडवटपणा बराचसा त्याच भागातून उतरतो. दोन भरघोस मुठी पाकळ्या दोनतीन पाण्यांतून हलक्या हाताने धुऊन, हातानेच थोड्या कुस्करून, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्याव्यात. त्यांवर उकळून गार केलेले एक लिटर पाणी ओतावे, झाकण ठेवावे आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्यावे. सकाळी पाकळ्या फिकट झालेल्या दिसतात आणि रंग व वास पाण्यात उतरलेला असतो. हे पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावे.

पाकळ्या पाण्यात उकळण्याचा मोह मात्र आवर्जून टाळावा. गुलाबाच्या वासातला मोठा भाग पाण्यात सहज उतरतो, पण वाफेबरोबर तितक्याच सहज निघूनही जातो. गुलाबजल तयार करणारे ही वाफच धरून गार करतात. उकळताना घरभर दरवळ सुटतो, तो पेल्यात यायला हवा होता.

या एक लिटर पाण्यात चार लहान चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव आणि हवी असल्यास एका वेलदोड्याची पूड घालावी. पाच पेले धरले तर प्रत्येकी चार ग्रॅमच्या आसपास साखर येते. लिंबाच्या आंबटपणामुळे पाकळ्यांचा मळकट झालेला रंग पुन्हा गुलाबी होतो; लिंबू जास्त झाले तर मात्र गुलाब मागे पडतो आणि ते लिंबाचे सरबतच लागते. मिठाची चिमूट कडवटपणा दाबते आणि असलेली गोडी उठून दिसते. पाकाचा दाटपणा गेल्यामुळे सरबत पाणचट वाटले, तर भिजवून फुललेला सब्जा एक चमचा घालावा. सासऱ्यांचा पेला साखर घालण्यापूर्वीच वेगळा काढावा. खडीसाखर थंड असते असे आपण मानतो, पण ती साखरच आहे; मध आणि गूळही रक्तातली साखर वाढवतातच. शिवाय मधाचा आणि गुळाचा स्वतःचा वास गुलाबावर चढतो, तेव्हा या सरबतात ते नकोतच.

आणखी एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. पेय जितके थंड, तितकी गोडी जिभेला कमी जाणवते. बर्फ घालून प्यायच्या सरबतात साखर वाढत जाते ती त्यामुळेच. आपल्या विदर्भाच्या कोरड्या हवेत माठातले पाणी उत्तम गार होते. बर्फाऐवजी माठाच्या गारव्याचे सरबत प्यावे, म्हणजे एवढी कमी साखरही पुरेशी वाटेल.

हे सरबत फ्रिजमध्ये दोन दिवसच ठेवावे. उन्हाळाभर हवे असेल, तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट पाकळ्या भिजवून गाळलेले बिनसाखरेचे पाणी बर्फाच्या साच्यांत गोठवावे आणि वड्या झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. साखरेकडे असलेले टिकवण्याचे काम असे फ्रीझरकडे सोपवता येते. लागेल तेव्हा पेल्यात चारपाच वड्या टाकून माठातले पाणी घालावे.

प्रश्न : आमच्याकडे गुलाब नाही, जास्वंद आणि मोगरा आहे. त्यांचे असे सरबत होईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : जास्वंदीचे फार सुंदर होते. लाल, एकेरी पाच पाकळ्यांची आठदहा फुले घ्यावीत, हिरवा देठ आणि मधला तुरा काढून टाकावा, आणि पाकळ्यांवर गरम पाणी ओतून दहा मिनिटांत गाळून घ्यावे. जास्वंद भेंडीच्याच कुळातली असल्यामुळे पाकळ्या फार वेळ ठेवल्या किंवा चुरल्या तर पाणी बुळबुळीत होते. गाळलेले पाणी जांभळट दिसते. लिंबू पिळताच ते लालभडक होते, आणि मुलांना हे पाहायला फार आवडते. जास्वंदीला वास नसतो, म्हणून आल्याचा थोडा रस घालावा.

मोगऱ्याचे सरबत करण्यापेक्षा पाचसहा ताजी फुले रात्री माठात सोडून सकाळी काढून घ्यावीत. ते पाणी साखरेवाचूनच गोड लागते. फुले मात्र घरचीच असावीत. बाजारातले गजरे आणि फुलवाल्याकडचे गुलाब खाण्यासाठी वाढवलेले नसतात आणि त्यांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते. ती धुण्याने पूर्णपणे जाईलच असे नाही. आणि रंग आवडला म्हणून कण्हेर, बिट्टी किंवा धोतऱ्याचे फूल पाण्यात कधीही टाकू नये. ही तिन्ही विषारी आहेत. मुलांना फुले तोडायला पाठवण्यापूर्वी ही झाडे त्यांना दाखवून ठेवावीत.