बंद घरांची नोंद: एका तरुण मूल्यमापक मैत्रिणीस पत्र

नौपाडा, ठाणे

प्रिय मैत्रिणीस अनेक आशीर्वाद.

शहापूरच्या अहवालाचा मसुदा आणि सोबतचे तुझे पत्र, दोन्ही नीट वाचले. नळपाणी योजनेच्या मूल्यमापनात तू स्थलांतर, थकलेले वीजबिल आणि टँकर यांचा विचार केलास, त्यावर निधी देणाऱ्या संस्थेने ‘कार्यकक्षेबाहेरचे’ असा शेरा मारला, आणि आता सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे योजना सुटी न पाहता तिच्याभोवतीच्या सगळ्या गोष्टींसह पाहणे, प्रत्यक्ष कामात चालते की ते केवळ परिषदांत मांडायचे असते, असा प्रश्न तुला पडला आहे. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे लिहिण्यात शाई घालवत नाही. तेवढे आपल्या दोघींत गृहीत आहे.

काय तपासायचे आणि काय सोडायचे हे तू गावात पाऊल टाकण्याआधीच कोणीतरी ठरवलेले असते. ती सीमा कोणी आखली, हे आधी विचार. इंडिकेटर, प्रश्नावली, नमुना हे सगळे त्यानंतर.

तुझ्याच मसुद्यातले उदाहरण घेऊ. परिशिष्टात कातकरी वाडीच्या यादीसमोर ‘घर बंद, पुढचे घर घेतले’ अशी नोंद पुन्हा पुन्हा आली आहे. सर्वेक्षण फेब्रुवारीत झाले. दिवाळीनंतर ही कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, हे शहापूर-मुरबाडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे पाण्याची ज्यांना सर्वाधिक ओढाताण, तीच घरे नमुन्यातून गळली आणि त्यांच्या जागी बारमाही राहणारी, विहिरीजवळची घरे आली. ‘नळजोडणी आहे’ या रकान्यातला तुझा चांगला आकडा या अदलाबदलीतून आलेला असू शकतो. ही सीमा कोणत्याही साहेबाने आखलेली नाही. नमुना निवडीच्या एका साध्या नियमाने ती आखली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. ती बंद घरे परिशिष्टातून उचल आणि पहिल्या प्रकरणात आण.

तू काढलेल्या त्या बाणांच्या भल्यामोठ्या चित्राबद्दल मात्र मला स्पष्टच बोलावे लागेल. ते कोणी वाचणार नाही, आणि वाचूही नये. सगळे सगळ्याशी जोडलेले आहे, हे दाखवून काहीच सिद्ध होत नाही. त्यातले एकच वर्तुळ मोलाचे आहे: नळाला पाणी येत नाही म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत, पाणीपट्टी जमत नाही म्हणून ग्रामपंचायतीचे पंपाचे बिल थकते, बिल थकले की वीज तुटते आणि पाणी आणखी कमी येते, त्यात उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पंप दुरुस्त करण्याची निकडही मंदावते. हे चार वाक्यांत लिही आणि बाकीचे बाण पुसून टाक.

दरडोई दररोज ५५ लिटर हा जलजीवन मिशनचा निकष तुझ्या अहवालात सात ठिकाणी आला आहे, पण भातसा धरण एकदाही नाही, याचे मला वाईट वाटले. मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांत सर्वांत मोठा वाटा भातसाचा; तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात बेसाल्टचा खडक पाणी धरून ठेवत नाही, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात आणि धरणाच्या अंगाखांद्यावरच्या पाड्यांवर टँकर जातो. गावाची शीव हीच योजनेची सीमा धरली, तर हा प्रश्न अहवालात शिरूच शकत नाही. धरणाचा न्यायनिवाडा तू करावास असे मी म्हणत नाही. सीमा कुठे ओढली, कोणी ओढली आणि त्यामुळे काय बाहेर राहिले, हे मात्र लिहिलेच पाहिजे.

हे माझे खूळ नाही. सिस्टिम्स थिंकिंगचे अभ्यासक वेर्नर उलरिख यांनी १९८३ मध्ये अशा सीमा तपासण्यासाठी बारा प्रश्नांची चौकट मांडली. प्रत्येक प्रश्न ‘आज काय आहे’ आणि ‘काय असायला हवे’ अशा दोन अंगांनी विचारायचा. निर्णयाचा परिणाम ज्यांना भोगावा लागतो पण निर्णयात ज्यांना जागा नाही, त्यांच्या वतीने कोण बोलते, हा त्यांतला मला सर्वांत जवळचा प्रश्न. अमेरिकन इव्हॅल्युएशन असोसिएशन या मूल्यमापकांच्या संघटनेच्या सिस्टिम्स गटाने २०१८ मध्ये परस्परसंबंध, दृष्टिकोन, सीमा आणि गतिमानता या चार संकल्पनांभोवती तत्त्वे मांडली. चारही लागतात, हे मान्य. तरी सीमेचा प्रश्न सोडला की उरलेल्या तिन्ही सजावट होतात, असे माझे ठाम मत आहे.

मला हट्टी म्हणतात, हे तुझ्या कानावर आले असेलच. पालघर जिल्ह्यातल्या एका पोषण कार्यक्रमात मुलांची वजने वाढली का, एवढेच आम्हांला विचारले होते. वजने वाढली होती. पण त्या कार्यक्रमाची रजिस्टरे भरण्यात अंगणवाडी सेविकेची सकाळ जात होती आणि गरोदर बायांच्या गृहभेटी मागे पडत होत्या. तो परिच्छेद गाळा असे सांगण्यात आले. मी तो ठेवला आणि त्या संस्थेकडून पुन्हा काम आले नाही. आजही मी तेच करीन. खंत आहे ती वेगळीच: त्या काळात असा मसुदा दाखवावा आणि ‘तुझे चुकत नाही’ किंवा ‘इथे तू ताणते आहेस’ असे ज्याने सांगावे, असे माणूस जवळ नव्हते. आपल्या देशात नियोजन आयोगाने १९५२ मध्येच कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभारली, तरी स्वतंत्र काम करणारे आम्ही लोक एकेकटेच कुढत राहिलो. तुला आज बरोबरीचे लोक भेटतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्रांसाठी जाऊ नकोस. अडलेला मसुदा घेऊन जा.

शेऱ्याला उत्तर देताना तत्त्वज्ञान नको. निधी देणारे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ज्या मूल्यमापन निकषांचा आधार घेतात, त्यांत २०१९ मध्ये सुसंगतीचा निकष जोडला गेला. योजना इतर योजनांशी कशी जुळते हे तपासणे त्यात येतेच, तेव्हा टँकर आणि वीजबिल कार्यकक्षेत बसतात, एवढे शांतपणे लिही. सोबत बंद घरांची यादी जोड आणि भिवंडीच्या भट्ट्यांवर त्या कुटुंबांना भेटण्यासाठी मुदतवाढ माग. बाया दिवसभर कामावर असतात, त्यामुळे संध्याकाळी जावे लागेल, आणि मुकादमासमोर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत, हे वेळापत्रक आखतानाच ध्यानात घे.

तुझी,
ताई