रेस सोडली तरी इंजिन खाली येईना!

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडं वडलांच्या काळातला महिंद्रा बी-२७५ आहे, अजून पेरणीला आणि ट्रॉलीला वापरतो. दोन महिने झाले, स्लोवर ठेवला की इंजिन भूर्रर्र-भूर्रर्र वर-खाली होतं आणि रेस सोडली तरी पटकन खाली येत नाही. मिस्त्रीने थ्रॉटलचा रॉड आखूड केला, एक जाड स्प्रिंग टाकली, तरी तेच. आता म्हणतो डिझेलचा पंप उतरवून गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, खोलावा लागेल. खर्च झेपणारा नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, पंपाला अजून हात लावू देऊ नका. आधी बॉनेट उघडून एकच गोष्ट बघा, थ्रॉटलचा रॉड नेमका जातो कुठं. तो पंपावर जात असेल तर तुमचा गव्हर्नर वेगळ्या प्रकारचा आहे आणि खालचं सगळं सोडून द्या. पण रॉड हवेच्या वाटेवर, म्हणजे एअर क्लिनरची हवा इंजिनात शिरते तिथल्या झडपेवर जात असेल आणि तिथून एक बारीक पाईप पंपाच्या मागच्या डब्याला आला असेल, तर तुमचा गव्हर्नर हवेवर चालणारा आहे. पंपवाले त्याला न्युमॅटिक म्हणतात.

या ट्रॅक्टरचं मूळ डिझाइन इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं, इंग्लंडमधलं. १९६३ साली महिंद्राने त्यांच्यासोबत कंपनी काढली आणि बी-२७५ कांदिवलीत बनायला लागला. तेव्हाचं हे डोकं आहे, पण डोकं भारी आहे. तुम्ही रेस देता तेव्हा डिझेल वाढवत नाही, फक्त झडप उघडता. झडप मिटलेली असली की तिच्यापाशी जोराची ओढ तयार होते, व्हॅक्यूम, ती बारीक पाईपातून पंपाच्या डब्यातल्या पडद्याला ओढते आणि पडदा पंपाच्या रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, कमी डिझेलकडं नेतो. पडद्याच्या उलट बाजूला स्प्रिंग आहे, ती कायम जास्त डिझेलकडं ढकलत असते. नांगर जड लागला, इंजिनाचे फेरे कमी झाले, की ओढ कमी होते, स्प्रिंग जिंकते, डिझेल वाढतं. सगळा खेळ ओढ विरुद्ध स्प्रिंग.

आता सांगा, पाईपला बारीक तडा असेल तर? ओढ पडद्यापर्यंत अर्धवट पोचणार, स्प्रिंग डिझेल ढकलत राहणार, रेस खाली येणार नाही. मग मिस्त्री रॉड आखूड करो नाहीतर लांब करो, उपयोग शून्य.

म्हणून आधी पाईप. टोकाची रबरं वर्षानुवर्षं उन्हात आणि डिझेलमध्ये राहून कडक होतात, चिरतात. इंजिन बंद करून पाईप काढा, वाकवून बघा, एक टोक बोटाने दाबून दुसऱ्या टोकातून तोंडाने हवा ओढा (स्वच्छ पुसून घ्या आधी), जीभ चिकटून राहिली तर पाईप ठीक. पाईप परत बसवून इंजिन स्लोवर चालू करा आणि जोडांवर, झडपेच्या दांडीच्या दोन्ही टोकांना ग्रीस फासा. ग्रीस लावल्या लावल्या आवाज बदलला तर हवा तिथूनच घुसतेय. त्या दांडीची बुशं झिजलेली असतात आणि ते कोणी बघत नाही.

एक गोष्ट चुकूनही नको. पाईप काढून इंजिन चालू करून बघायचं नाही. ओढच नाही म्हटल्यावर पंप फुल डिझेल देणार आणि इंजिन पळत सुटणार. काम करताना एक माणूस बंद करायच्या दांडीपाशी उभा ठेवा आणि एअर क्लिनर काढला असेल तर हवेचं तोंड झाकायला सपाट फळी हाताशी ठेवा. फडकं नको, ते आत ओढलं जातं. हात तर नकोच.

पाईप चांगला निघाला तर पडदा. इंजिन बंद, पाईप पंपाकडून काढलेला. बंद करायची दांडी ओढून धरा, डब्याचं भोक बोटाने घट्ट बंद करा आणि दांडी सोडा. रॅक थोडा उडी मारून मग हळूहळू परत यायला पाहिजे. झटकन सगळा परत आला तर पडदा फाटलाय किंवा वाळलाय, पडदा बदलायचा, पूर्ण पंप नाही. पंपवाल्याला तेवढंच सांगा.

एअर क्लिनरही बघा, तेलाचा आहे ना तुमचा? जाळी चोंदली की गव्हर्नरचं गणित बिघडतं आणि ट्रॅक्टर ओढायला मरतो. तेल खुणेपर्यंतच, वर भरलं तर इंजिन ते पितं.

हे सगळं झालं की मग रॉड. ती जाड स्प्रिंग काढून जुन्या मापाची टाका. इंजिन चांगलं गरम होऊ द्या. लिव्हर पूर्ण खाली असताना झडपेचा आर्म स्लोच्या स्क्रूला टेकला पाहिजे, लिव्हर पूर्ण वर असताना दुसऱ्या, फुल रेसच्या स्क्रूला टेकला पाहिजे. दोन्हीकडं टेकत नसेल तर लॉकनट सैल करून रॉडचं टोक अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा. त्याआधी पिना हलवून बघा, भोकं लांबट झाली असतील तर भरून परत पाडून घ्या, नवी पिन, नवी स्प्लिट पिन. तार गुंडाळून काम भागवलेले ट्रॅक्टर मी ढिगाने बघितलेत. फुल रेसच्या स्क्रूला शिसं आणि तार लावलेली असते, तिला हात नाही.

एवढं करूनही स्लोवर हेलकावे राहिले तरच डब्यामागचा छोटा स्क्रू थोडासा आत घ्या, हेलकावे थांबले की थांबा. स्लो वाढायला लागली तर परत मागं.

प्रश्न : नांगरताना हाताची रेस आपोआप खाली येते. रबर बांधून ठेवलंय, चालेल का?

उत्तर : नाही चालणार! अडचणीत रेस पटकन खाली आणता येणार नाही. लिव्हरच्या बुडाशी घर्षणाच्या चकत्या असतात, त्यावर तेल पडलं की घसरतात. खोलून पेट्रोलने पुसा, नट पाव फेरा आवळा. आणि रॉडला कोणी जास्त ताकदीची स्प्रिंग लावली नाही ना तेही बघा, वरच्या भाऊंसारखी.