काळ्या मातीत सिमेंट मिसळून जमीन पक्की होते का?

तुमचा प्रश्न: प्लॉटवर सहा फूट काळी माती आहे, तिच्यात सिमेंट मिसळलं तर घराच्या पायाला चालेल का, आणि किती टक्के घालावं?

पायासाठी नका करू. अंगण, शेतरस्ता, गोडाऊनची जमीन यांसाठी करा, पण नीट करणार असाल तरच. नीट न केल्याचा अनुभव घरचाच आहे.

मी अठरा वर्षं माती तपासणीच्या लॅबमध्ये काढली. परभणीला आमच्या घरापुढे ४० बाय २० फुटांचं अंगण आहे. मुलीच्या साखरपुड्याआधी ते पक्कं करायचं ठरलं. आमचे साडू सेंट्रिंगची कामं घेतात, म्हणून काम त्यांच्याकडे. मी हिशोब मांडून दिला होता: सहा इंच खोलीची ४ ब्रास माती, सुकी धरली तर साधारण १६ टन. ८ टक्के सिमेंट म्हणजे पंचवीस-सव्वीस गोण्या. आणि त्याआधी ३-४ टक्के चुना मिसळून माती दोन दिवस मुरू द्यायची.

साडू म्हणाले, "चुना पानाला लावतात, इंजिनियरसाहेब." आणि १२ गोण्या मागवल्या.

चुना कशाला, तर चिकट काळ्या मातीत सिमेंट मिसळतच नाही. चुन्यातलं कॅल्शियम मातीत गेलं की मातीचे बारीक कण गोळा होतात, चिकटपणा जातो, माती भुसभुशीत होते. मग सिमेंट कणाकणाला लागतं. तसं केलं नाही तर ते फक्त ढेकळाला बाहेरून लागतं. आमच्याकडे रोटावेटर दोनदा फिरला, ढेकळं मुठीएवढीच राहिली. अकराला पाणी मारलं. मग जेवणं झाली, पाहुणे आले, आणि रोलर आला चारला. सिमेंट ओलं झाल्यापासून दोन तासांत दबाई संपायला हवी. नंतर दाबलंत तर धरू लागलेलं सिमेंट मोडतं. पुढचे सात दिवस ओलं पोतंसुद्धा कोणी टाकलं नाही.

साखरपुडा छान झाला. जूनच्या दुसऱ्या पावसात व्याह्यांची गाडी फाटकातच रुतली. मी पहार घालून एक ढेकूळ काढलं आणि फोडलं. बाहेर अंड्याच्या टरफलाएवढं राखाडी कवच, आत कुळकुळीत काळी माती, नखाने कोरता येईल अशी. साडूंना तिथेच दाखवलं. ते म्हणाले, "सिमेंटचा माल खराब होता." आजही प्रत्येक लग्नात सांगतात की लॅबवाल्यांच्या सल्ल्याने अंगण वाहून गेलं. सल्ला २६ गोण्यांचा होता हो! हे लिहून ठेवतोय, पुढच्या लग्नात कामाला येईल.

आता पायाचं. माझ्या अंगणातली माती मी लॅबमध्ये तपासली होती: चाळून दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत, एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये १० मिली, पाण्यात १९. म्हणजे ९० टक्के फुगवटा. ५० च्या वर गेलं तरी आम्ही कपाळाला हात लावतो. वरच्या फूटभर थरात सिमेंट घालून खालची पाच फूट माती फुगायची थांबणार आहे का? उन्हाळ्यात ती भेगाळणार, पावसाळ्यात वर उचलणार, आणि भिंतीला तिरकी चीर पडणार.

सहा फुटांखाली मुरूम लागत असेल तर सरळ तिथपर्यंत खोदा, पाया मुरमावर ठेवा. खोल माती असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे खाली कंदासारखा फुगवलेला काँक्रीटचा खांब, रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने रुळवलेली. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी दाखवलेला न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा मीटरभर थर पायाखाली घातला तरी चालतो. तिथे वाळू भरू नका, पाणी थेट खाली जातं.

हां, ८ टक्के हा माझ्या मातीचा अंदाज होता, तुमचा आकडा नमुने ठोकून, सात दिवसांनी दाबून बघूनच ठरतो. मातीत जिप्सम, म्हणजे सल्फेट, असेल तर चुना-सिमेंटने ती उलट जास्त फुगते, तेही तपासून घ्या. आणि चुना उघड्या हाताने पसरू नका.

आमच्या अंगणात शेवटी दोन टिप्पर मुरूम पडला. बिल मीच भरलं.