माळ्यावरचा अकरा किलोंचा कॉम्प्युटर

प्रश्न : वाडा पाडायला देताना माळ्यावर सासऱ्यांचा ऑस्बोर्न-1 कॉम्प्युटर सापडला. 1983 साली अमेरिकेहून येताना त्यांनी आणला होता. शिलाई मशीनसारखी पेटी, झाकण काढलं की तोच कीबोर्ड. सोबत नऊ फ्लॉप्या आहेत, दोन-तीनवर पांढरट ठिपके. सासूबाई म्हणतात, त्यांच्या नोंदी त्यातच असणार. मुलगा रोज "लावून बघूया" म्हणतो. लावू का? आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं कसं करायचं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नका लावू. मुलाकडून वायर काढून घ्या आणि कपाटात टाका, मग पुढचं वाचा.

मशीन अमेरिकेतलं, म्हणजे बहुधा 120 व्होल्टचं. आपल्या भिंतीत 230. मागची पाटी वाचा. 120 असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तापकीर गल्लीत मिळतो, 200 व्हीए क्षमतेचा घ्या. कुणी ट्रॅव्हल अडॅप्टर पुढे केला तर घेऊ नका. त्याने पिना बदलतात, व्होल्टेज नाही.

व्होल्टेज बरोबर असलं तरी काम संपत नाही. त्या काळच्या बऱ्याच पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागात, वीज आत शिरते तिथेच एक पिवळसर, अर्धपारदर्शक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा छोटा भाग) असतो. आत कागदाची गुंडाळी. चाळीस वर्षांत आवरणाला केसाएवढ्या चिरा जातात आणि प्रत्येक पावसाळ्याची ओल तो कागद पीत राहतो. वीज दिली की पाच-दहा मिनिटं सगळं झकास, मग फट्! माझ्याकडे झालंय हे. टेबल भरलेलं म्हणून मशीन स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं होतं. स्क्रीनवर अक्षरं उमटली, मी कौतुकाने बायकोला हाक मारली, आणि ती येईपर्यंत पांढरा धूर. तो घाण वास पडद्यांतून आठवडाभर गेला नाही. मशीन वाचलं, ओटा मात्र मला कायमचा बंद झाला.

तेव्हा तो कपॅसिटर चालत असला तरी आधी काढा. त्याच मायक्रोफॅरडचा, 'एक्स-टू' छापलेला, 275 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा, किंमत किरकोळ. हे काम जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. पाच इंची का होईना, ती पिक्चर ट्यूब आहे; वायर काढल्यावरही तिच्यात काही हजार व्होल्ट टिकून राहू शकतात. तिथे यूट्यूब बघून हात घालायचा नाही.

मग सप्लाय मशीनपासून सुटा करून, 120चा असेल तर ट्रान्सफॉर्मरसकट, सिरीज बोर्डावर (वीज आधी बल्बमधून जाते असा बोर्ड) घ्या, 100 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. काही जुने सप्लाय रिकामे चालतच नाहीत, म्हणून 5 व्होल्टच्या वायरींना मोटारीच्या ब्रेकलाइटचा बल्ब जोडावा आणि मगच मीटर लावावा.

तुमच्याकडची वस्तू साधी नाही. 1981 मध्ये 1795 डॉलरला आलेला हा पोर्टेबल, म्हणजे हँडल आहे म्हणून पोर्टेबल. वजन अकरा किलो आणि आत बॅटरी नाही. 64 केबी मेमरी, एका ओळीत 52 अक्षरं. तो काढणारा ॲडम ऑस्बोर्न लहानपणी तिरुवन्नामलैत राहिलेला, वडील रमण महर्षींचे भक्त. 2003 मध्ये तो वारला, तेही कोडाईकनालला. त्याची कंपनी मात्र तुमच्या सासऱ्यांनी मशीन आणलं त्याच वर्षी बुडाली.

पिवळेपणाचं म्हणाल तर मी हात लावत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फासून उन्हात ठेवतात. मी एक झाकण एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवलं, ते कोडासारखं चट्ट्याचट्ट्याचं झालं. ओलं फडकं, साबणाचे दोन थेंब, बास.

आता फ्लॉप्या. ते पांढरे ठिपके बुरशीचे. तशीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या टोकाला, चिकटेल आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाईल. डाग पडलेल्या वेगळ्या काढा. त्यांचं आवरण एका कडेने कापून आतली चकती कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाच्या थेंबाने, बोटाच्या पेरांनी धुवायची, सावलीत सुकवायची आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालून वाचायची. बहुधा एकदाच वाचता येईल असं धरून चाला. म्हणून आधी कोऱ्या फ्लॉपीवर सराव करा. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, कधीकधी मिळतात.

या मशीनबरोबर वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्राम यायचा, तेव्हा नोंदी त्यातच असाव्यात. फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडलीत की जवळपास प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच दिसेल. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की फाइल बिघडलेली नाही. वर्डस्टार तिथे स्वतःची खूण करून ठेवायचा. ती काढून टाकणारे छोटे प्रोग्राम आहेत, ते काम मुलाला द्या.