हिंदी माध्यमातून बी.कॉम. केलंय, घरात कुणी आयटीत नाही. क्लास लावू की मेंटर शोधू?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सुदामानगरात राहतेस, बाबा लोडिंग रिक्षा चालवतात, भंवरकुआंच्या एका क्लासने ‘100 टक्के प्लेसमेंट’ म्हणत 60,000 रुपये मागितलेत, ते भरावेत का, आणि मेंटर, म्हणजे वाट दाखवणारं अनुभवी माणूस, म्हणतात तो मिळतो कुठे? (वयाने लहान वाटतेस, म्हणून तू म्हणते.)

पैसे आत्ता भरू नकोस. मी भरले होते. तेव्हा 25,000, आईच्या पाटल्या मोडून. भंवरकुआंलाच. सर शिकवायचे बरे, उगाच नावं कशाला ठेवू, पण 6 महिन्यांत माझी एकही वही, एकही प्रोग्राम कुणी उघडून पाहिला नाही. प्लेसमेंट म्हणजे शेवटी एका कॉल सेंटरचा पत्ता हातात आला. तुला भरायचेच असतील तर नोकरी लागली नाही तर किती परत देणार, हे पावतीवर लिहून माग. तिथेच उत्तर मिळेल.

मला उभं केलं ते आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी. त्या क्रिस्टल आयटी पार्कमध्ये टेस्टिंगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, कामाला होत्या. आईने गणपतीच्या आरतीला त्यांना गाठलं, “हिला काहीतरी मार्ग दाखव गं.” मी मान खाली घालून उभी. ताई म्हणाल्या, “रविवारी ये. येताना फोनमधल्या कुठल्याही अ‍ॅपमधली एक चूक शोधून कागदावर लिहून आण.”

मी लिहून नेलं: ‘लॉगिन होत नाही.’

ताईंनी विचारलं, कुणाचं? कुठल्या फोनवर? दर वेळी, की कधीकधी? आईच्या फोनवर बघितलंस? मला एकाचंही उत्तर येईना. मग दोन्ही फोन पोळपाटाशेजारी ठेवून (त्यांचा स्वयंपाक चालू होता) आम्ही तासभर तेच करत बसलो, आणि सापडलं. ईमेलचा पत्ता टाकताना कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला, की त्याच्यापुढे आपोआप एक रिकामी जागा पडत होती. डोळ्यांना ती दिसत नाही. अ‍ॅप मात्र त्या जागेसकट पत्ता तपासून ‘चुकीचा’ म्हणत होतं. अख्खा पत्ता हाताने टाइप केला की सुरळीत. मग ताईंनी ते माझ्याकडूनच पुन्हा लिहून घेतलं: कोणता फोन, आधी काय केलं, मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पाचव्या खेपेला पास.

पहिल्या मुलाखतीत ‘एखादा बग (म्हणजे अशी चूक) सांगा’ म्हटल्यावर मी हाच सांगितला. समोरच्या साहेबांनी स्वतःचा फोन काढला आणि तिथल्या तिथे करून बघितलं!

प्रोग्रामिंग मला ताईंनी शिकवलंच नाही. ते आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वरून शिकले. फुकट आहे, बऱ्याच विषयांचा आवाज मराठीत आणि हिंदीतही आहे, एकेक धडा दहा-एक मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपण तेच करून बघायचं. नुसतं बघत बसलीस तर टीव्ही बघितल्यासारखं होईल.

ताईंनी दिलं ते वेगळंच. पगार किती हवा विचारलं तर काय बोलायचं. इंग्रजीत अडलीस तर गप्प न बसता हिंदीत वाक्य पूर्ण करायचं. ‘फ्रेशर नको’ लिहिलं असलं तरी अर्ज करायचा. ज्यांचे काका-मामा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत कामाला आहेत, त्यांना हे जेवताना कानावर पडतं. आपल्या घरी जेवताना डिझेलचा भाव.

थोडी तयारी झाली की ‘आउटरीची’ बघ. ग्नोम या मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणीही वाचू-बदलू शकतं) प्रकल्पाने 2006 साली बायकांसाठी सुरू केलेला उपक्रम 2015 पासून या नावाने चालतो. आपापल्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, अशांसाठी आता तो खुला आहे. 3 महिने घरून काम, मोबदला 7,000 डॉलर, आणि प्रत्येकाला मेंटर. पदवी किंवा बायोडेटा लागत नाही. पण निवडीआधी अशाच एखाद्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात खरोखरची छोटी कामं करून दाखवावी लागतात. कोड न लिहिणाऱ्यांसाठीही डिझाइन, दस्तऐवज लिहिणं अशी कामं असतात. स्पर्धा जबरदस्त आहे. निवड झाली नाही तरी त्या काळात अनोळखी अनुभवी माणसं तुझं काम वाचून सुधारणा सांगतात. तेवढ्यासाठीही अर्ज करावा. यंदाची फेरी कधी, ते त्यांच्या साइटवर बघून घे.

आणि मेंटर शोधताना ‘मॅडम, प्लीज गाइड मी’ एवढाच मेसेज कुणाला पाठवू नकोस. मला आठवड्याला दहा तरी येतात, आणि खरं सांगते, मी उत्तर देत नाही. काय गाइड करू? पण मागे एकीने लिहिलं होतं, ‘हा प्रोग्राम चौदाव्या ओळीवर अडतोय, हे दोन उपाय करून बघितले, हा मेसेज येतोय.’ तिला मी रात्री साडेअकराला फोन केला. हल्ली दर रविवारी माझ्याकडे येते ती.

लॅपटॉप नाही म्हणून थांबू नकोस, फोन पुरतो. या रविवारपर्यंत एक चूक शोध, ताईंच्या पद्धतीने लिही आणि याच उत्तराखाली टाक. मी वाचेन. पहिल्या खेपेला पास करणार नाही.