परदेशी श्रोते आणि मिरजेची सतार

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि सतार वाजवतो. इकडे उत्सवांत वा मंडळांच्या बैठकींत वाजवून जेमतेम प्रवासखर्च निघतो. परदेशात आपल्या संगीताला मोठी मागणी आहे असे ऐकतो. तिकडे जाऊन नशीब आजमावावे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जरूर आजमावावे, मात्र कर्ज काढून, पर्यटक व्हिसावर मुळीच जाऊ नये. अमेरिकेत त्या व्हिसावर मानधन घेऊन वाजवता येत नाही. पारंपरिक कला सादर करण्यासाठी व शिकवण्यासाठी तेथे पी-३ हा वेगळा व्हिसा आहे आणि त्याचा मूळ अर्ज कलावंताने नव्हे, तर तेथील आयोजकाने वा एजंटाने करायचा असतो. त्यामुळे निमंत्रण, मानधन आणि साथीदाराचा खर्च या बाबी निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्याव्यात.

मागणी आहे हे खरे, पण ती आयती मिळालेली नाही. पंडित रविशंकर १९५६ साली आकाशवाणीची नोकरी सोडून युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा मोजक्या श्रोत्यांपुढे वाजवत आणि राग-ताल म्हणजे काय हे समजावूनही सांगत. ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध इंग्लिश बँडचे जॉर्ज हॅरिसन त्यांच्याकडे सतार शिकू लागले ते १९६६ साली. मधली दहा वर्षे आपण सहज विसरतो. त्यानंतरही, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकरांच्या वादनापूर्वी वाद्ये नुसती सुरात लावून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या श्रोत्यांना नावे ठेवू नयेत, कारण ते मनापासून आले होते. त्यांना फक्त सवय नव्हती.

मला सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचा मार्ग आपल्यासाठी अधिक जवळचा वाटतो. त्यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात विद्यालय काढले आणि पुढे अनेक दशके तेथे शिकवले. ज्याने एक मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकणे, नीट यावी म्हणून महिनोन्‌महिने बोटे झिजवली आहेत, तो मैफलीत निराळ्या कानांनी ऐकतो, आणि पुढच्या दौऱ्याचे निमंत्रण बहुधा अशाच विद्यार्थ्याच्या खटपटीमुळे येते. म्हणून आपण ऑनलाइन शिकवणीपासून सुरुवात करावी. अमेरिकेतील विद्यार्थ्याची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट किंवा सकाळ. रियाजाची वेळ त्याप्रमाणे बदलावी लागेल. सोबत एकाच रागाचे, आलापापासून द्रुत गतीपर्यंतचे स्वच्छ ध्वनिमुद्रण तयार ठेवावे, कारण आयोजक आधी तेच मागतात.