एवढा जीव लावून विणलं, आणि कुणी घालतच नाही

गेल्या दोन-तीन वर्षांत हे गाऱ्हाणं इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं. "मॅडम, तीन महिने खपून स्वेटर विणला, एकदाही अंगाला लावला नाही." "नातीला फ्रॉक शिवला तर म्हणे शिवण टोचते." "मैत्रिणीला क्रोशाची पर्स करून दिली, तिने ती सरळ तिच्या जावेला देऊन टाकली." सांगणारी बाई आधी हसत हसत सांगते (पुरुषही येतात बरं का, लाकडी खेळणी करणारे एक आजोबा आले होते), मग मधेच आवाज जड होतो, आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं, "जाऊ दे, आता कुणासाठी काही करायचंच नाही."

मला काळजी वाटते ती या शेवटच्या वाक्याची. कपाटात पडलेल्या स्वेटरचं एवढं काही नाही, पण हे बोलून माणूस सुया खाली ठेवतो ना, तेव्हा त्याच्या दिवसातला सगळ्यात शांत तास जातो.

एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि समुपदेशनाच्या सात-आठ सेशन्सचं बोलणं थोडक्यात आणलंय.

ताई साठीच्या आसपासच्या. आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. लेक दुसऱ्या गावी, नातू तीन वर्षांचा. त्याच्यासाठी त्यांनी शुद्ध लोकरीचा निळा स्वेटर विणला होता, पुढे वेणीचं डिझाईन. काही महिन्यांनी लेकीकडे राहायला गेल्या तर नातवाच्या पलंगावर टेडी बसलेला आणि टेडीच्या अंगात निळा स्वेटर.

"आधी वाटलं, अरे वा, टेडीला पण कुणी विणून दिला. मग जवळ जाऊन बघितलं. माझीच वेणी. एका ठिकाणी पीळ माझ्याकडून चुकून उलट्या बाजूला गेला होता, लक्षात आलं तोवर बरंच पुढे विणून झालं होतं म्हणून तसाच ठेवलेला. तो पीळ तिथे होता."

ज्यांनी लोकर हाताळलीय त्यांना लगेच कळेल काय झालं ते. लोकरीच्या तंतूवर डोळ्याला न दिसणारे बारीक खवले असतात, गरम पाणी आणि साबणात घुसळलं की ते एकमेकांत अडकून बसतात, विण आवळत जाते, कापड जाड आणि टणक होतं, आणि एकदा झालं की ते मागे फिरत नाही, कितीही ओढा. मशीनच्या एका गरम धुण्यात पोराचा स्वेटर टेडीचा झाला होता.

"लेकीला काय म्हणालात?"

"काहीच नाही. म्हटलं बाबांना बरं नाहीये, दोन दिवस आधीच निघते."

"बाबांना बरं नव्हतं?"

"ठणठणीत होते हो ते."

त्या दिवसापासून झोप उडालेली. आणि वर हेही म्हणाल्या की सुनेने केलं असतं तर एकवेळ समजून घेतलं असतं, पण पोटची लेक, तिला मी दहा वेळा बजावलं होतं, थंड पाणी, हाताने धुवायचा, पिळायचा नाही.

खरं सांगायचं तर माझ्याही जिभेवर आलं होतं की "अहो, तिने मुद्दाम नसेल केलं." नाही बोलले. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेवर समुपदेशक म्हणून माझी घडण झालीय, आणि त्या वाटेवर पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की समोरच्याचं दुःख छोटं करायचं नाही. त्यांना त्या पिळाबद्दल बोलू दिलं, दोन सेशन्स. मला ते दोन सेशन्स वाया गेले असं अजिबात वाटत नाही.

तिसऱ्या वेळी मी म्हटलं, विणकाम घेऊन या. त्या बिचकल्या, इथे? म्हटलं हो, इथेच. मग त्या विणत विणत बोलायला लागल्या आणि आवाजच बदलला, हात चालू असले की काही माणसांची जीभ मोकळी होते हे मी पुष्कळदा पाहिलंय.

"त्या स्वेटरला किती तास लागले असतील?"

त्यांनी हिशोब केला. रोज दीड तास, साधारण दीड महिना. "साठ-सत्तर धरा."

"त्यातले वाईट किती गेले?"

सुया थांबल्या. "वाईट? वाईट कसे जातील? रात्री जेवणं उरकली की बसायचे. मनात त्याच्याशीच गप्पा चालायच्या, आता बाही चालू आहे, आता गळा पाडते. मस्त झोप लागायची तेव्हा."

"मग ते सत्तर तास कुणाचे झाले?"

हातातली ओळ अर्धी होती. त्यांनी ती टाका टाका करत संपवली, सुया फिरवल्या, पुढच्या ओळीचा पहिला टाका उचलला, आणि मग म्हणाल्या, "माझे."

मी काही बोलले नाही. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला नक्की जमायला लागलीय, अशा वेळी गप्प बसणं. दोन-तीन मिनिटं गेली असतील, आणि मग जो प्रश्न मी विचारणार होते तो त्यांनीच विचारला.

"मग मॅडम, मी तिच्याकडे मागत काय होते?"

"काय मागत होतात?"

"ती आठवड्यातून दहा मिनिटं बोलते. कामं असतात, समजतं मला. पण फोटोत त्याच्या अंगात माझा स्वेटर दिसला ना, की वाटायचं मी त्या घरात आहे."

इथे गाठ सुटली. भांडण गरम पाण्याचं नव्हतंच. ताईंनी त्या स्वेटरला एक काम सांगून पाठवलं होतं, जा आणि माझी तिथली जागा राखून ठेव, आणि हे काम कुठल्याही लोकरीला झेपणारं नाही. स्वेटर आटला तेव्हा त्यांच्या मनात जागाच आटली.

माझ्या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसतं. हाताने केलेल्या भेटीत दोन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात, एक वस्तू आणि एक प्रश्न. "मी तुझ्या लेखी कुणी आहे ना?" घेणाऱ्याला वस्तू दिसते, प्रश्न दिसत नाही, आणि देणारी उत्तराची वाट बघत बसते. रॉजर्स म्हणायचे की आपण लहानपणापासून अटींवरचं प्रेम शिकतो, असं वागलास तरच तू चांगला. भेटीलाही आपण नकळत अशी अट शिवून टाकतो, घातलास तरच तू माझा.

त्यात अजून एक गोम आहे. २०१२ साली मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोकांना कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायला लावली होती. नवशिक्यांनी आपल्या वेड्यावाकड्या वस्तूंची किंमत जवळपास तज्ज्ञांनी केलेल्या वस्तूंएवढी लावली, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, बाकीच्यांनाही ती तेवढीच मोलाची वाटेल असं त्यांनी धरून चाललं होतं. बाकीच्यांना तसं वाटलं नाही. यात कुणाचा दोष नाही. जिने टाके घातले तिला त्या स्वेटरमध्ये सत्तर तास दिसतात, दुसऱ्याला गळा, बाह्या आणि रंग दिसतो.

ताईंना एकच गोष्ट करायला सांगितली. लेकीला फोन करायचा आणि स्वेटरचं नाव न काढता ते वाक्य म्हणायचं, की मला तुमच्या घरात असल्यासारखं वाटावं असं वाटतं. पुढच्या सेशनला आल्या, "नाही जमलं." त्याच्या पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी दारातूनच डोळे पुसत आल्या.

लेकीनेच स्वेटरचा विषय काढला होता. रात्री दोनला पोराला ताप, सगळ्या कपड्यांवर उलटी, समोर दिसेल ते तिने मशीनमध्ये कोंबलं. सकाळी बघते तर हा एवढासा. तुला सांगायची हिंमत झाली नाही गं आई. टाकून देत होते तर त्याने हातातून ओढून घेतला, आजीचा आहे म्हणाला, टेडीला त्यानेच घातला, आता त्या दोघांशिवाय झोपत नाही. आणि मग लेक म्हणाली, "तू येणार असलीस की मी आदल्या रात्री कपाटातून तुझं विणलेलं सगळं वर काढून ठेवते. तुला दिसावं म्हणून. मला भीती वाटते."

हे वाक्य सांगताना ताई खूप रडल्या. "माझ्या मुलीला माझ्या स्वेटरची भीती वाटते." मी त्यांना एवढंच म्हटलं की आज ते तिने तुम्हाला सांगितलंय, म्हणजे भीती कमी झालीय.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी १९५३ च्या लेखात लहान मुलांच्या अशा जिवलग वस्तूंबद्दल लिहिलंय, चादरीचा कोपरा, मऊ खेळणं. मूल ती स्वतः निवडतं. ती मळकी, वास मारणारी झाली तरी त्याला तशीच लागते, आई धुवायला घेत नाही कारण धुतली तर मुलासाठी ती तीच राहत नाही. ताईंनी विणलेल्या सगळ्या कपड्यांत सगळ्यात जास्त वापरला गेलेला स्वेटर हाच होता, रोज रात्री, आणि त्या त्याच्याच पायी जागत होत्या.

आता जे वाचताहेत आणि ज्यांच्या मनात असाच एखादा स्वेटर अडकलाय, त्यांच्यासाठी. विणायच्या, शिवायच्या आधी विचारा. सरप्राईजचा मोह मोठा असतो, कळतं मला, पण फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासातही हेच दिसलं होतं की देणाऱ्याला वाटतं न मागता दिलेलं जास्त आवडेल, आणि घेणाऱ्याला मागितलेलंच जास्त आवडतं. रंग विचारा, आणि मशीनमध्ये टाकणार का ते तर नक्की विचारा. टाकणार असतील तर मशीनमध्ये चालेल अशी प्रक्रिया केलेली लोकर किंवा ॲक्रिलिक घ्या, त्यात कमीपणा नाही. लोकर टोचते का हे हातावर कळत नाही, तुकडा मानेला लावून बघायला द्या. दहा सेंटीमीटरचा नमुना विणून, धुऊन मग टाके मोजा, मापाची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. धुण्याच्या सूचना तोंडी देऊ नका, रात्री दोनला त्या कुणाला आठवत नाहीत, आतल्या बाजूला छोटी पट्टी शिवा.

आणि दिल्यावर "घातलास का?" हे विचारू नका. अजिबात नाही. फोटो मागू नका. बोलायचं असेल तर सरळ म्हणा, तुझी आठवण येते, ये ना बोलूया.

घेणाऱ्यांनाही एक विनंती आहे. "छान आहे" म्हणून कपाटात ठेवण्यापेक्षा "रंग आवडला, गळा घट्ट होतोय" म्हणा. विणणाऱ्या माणसाला उसवायची भीती नसते, उसवलेली लोकर कोमट पाण्यात बुडवून लडी टांगून वाळवली की वळ्या जातात आणि पुन्हा विणता येते, हे सगळं त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. त्यांना झोंबतं ते तुमचं लपवणं.

ताई अलीकडे फक्त महिन्यातून एकदा येतात. झोप बरी आहे. लेकीने तीन कामं सांगितली, स्वेटर एकही नाही, दोन जीन्सच्या चेन बदलायच्या आणि एका पडद्याची उंची कमी करायची, आणि ताईंनी मला ही यादी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवली. मागच्या आठवड्यात नातवाने व्हिडिओ कॉलवर ऑर्डर दिली, टेडीच्या स्वेटरला खिसा पाहिजे. आटून घट्ट झालेली लोकर कापली तरी उसवत नाही, त्यामुळे काम सोपं आहे, असं ताईंनी मला समजावून सांगितलं. केवढा खिसा हवा असं विचारल्यावर त्याने आधी तळहात स्क्रीनला चिकटवला, मग विचार करून दुसराही चिकटवला.